फुलीमागचे जग

संगणकाच्या पडद्यावरील खिडकीच्या कोपऱ्यात एक फुली असते आणि तिच्यावर माऊसने टिचकी मारली की चालू असलेली आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, बंद होतो, हे तुम्हांला प्राथमिक शाळेपासून ठाऊक आहे. पण टिचकी मारूनही खिडकी जागची हलली नाही तर काय करावे? हा प्रश्न मी अकरावीत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते : सर, मागचे बटण बंद करायचे. थोडे धीट असतात ते सांगतात, आधी फुलीवर पाच-सहा वेळा टिचक्या मारायच्या आणि मग बटण बंद करायचे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत विद्युत्‌मंडल जोडताना किल्ली सर्वांत शेवटी बसवायची आणि सोडताना ऱ्होस्टॅट सरकवून प्रवाह आधी कमी करायचा, हे पहिल्या तासालाच बजावले जाते. मोठ्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला तर किल्लीपाशी ठिणगी उडते, आणि ती का उडते हे बारावीत शिकवलेही जाते. साध्या मंडलाच्या बाबतीत एवढी काळजी घेणारे आपण, ज्या यंत्रात विद्यार्थ्याचे महिनाभराचे काम साठवलेले असते ते मात्र भिंतीवरच्या बटणाने बंद करतो. माझे स्पष्ट मत असे की, माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला निदान दोन गोष्टी माऊसला हात न लावता करता आल्या पाहिजेत : आज्ञावली सुरू करणे आणि ती रीतसर बंद करणे. या दोन गोष्टी टंकलेल्या आज्ञेने केल्या, की फुलीमागे काय चालते ते आपोआप उघडे पडते.

प्रथम सुरू करण्याचे पाहू. पडद्यावरील चित्रावर आपण दोनदा टिचकी मारतो, तेव्हा त्या चित्राच्या पोटात एक आज्ञाच दडलेली असते. अमुक ठिकाणी ठेवलेली अमुक फाईल उचल, स्मृतीत आण आणि चालव, अशी ती आज्ञा. हीच आज्ञा कळफलकावरून देण्याची जी सोय, तिला कमांड लाइन म्हणतात. लिनक्समध्ये ती टर्मिनल नावाच्या खिडकीत मिळते, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमध्ये. (आज्ञा इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिणार आहे, कळफलकावर त्या आणि त्यांच्यातील आकडेसुद्धा रोमन लिपीत द्यावे लागतात. लिनक्सला लहान आणि मोठी लिपी वेगळी वाटते, तेव्हा अक्षरे लहानच घ्यावीत.) टर्मिनलमध्ये 'फायरफॉक्स' एवढेच टंकून एंटरची कळ दाबली तर तोच फायरफॉक्स उघडतो जो चित्रावर टिचकी मारून उघडतो. यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल.

नवल असे की, आता आज्ञावली तुमच्याशी बोलू लागते. चित्रावर टिचकी मारली आणि काहीच उघडले नाही, तर पडदा मख्ख राहतो. का उघडले नाही, याचा पत्ता लागत नाही. टर्मिनलमधून तीच आज्ञावली सुरू केली तर ती आपली तक्रार त्याच खिडकीत लिहून ठेवते : अमुक फाईल सापडली नाही, डिस्कवर जागा उरली नाही, ही फाईल वाचण्याची तुम्हांला परवानगी नाही. इंग्रजी तोडकेमोडके समजणाऱ्या विद्यार्थ्यालाही यातून दिशा मिळते. डॉक्टरपुढे बसलेला रोगी 'बरे वाटत नाही' एवढेच सांगेल तर डॉक्टरने काय करावे? 'उजव्या कुशीत काल रात्रीपासून दुखते' असे सांगणारा रोगी लवकर बरा होतो. चित्रावर टिचकी मारणारा विद्यार्थी रोगाचे वर्णन ऐकण्याची संधीच घालवतो, म्हणून मग 'संगणक बिघडला' हे एकच निदान त्याच्याजवळ उरते.

एक अडचण मात्र लगेच येते. फायरफॉक्स चालू आहे तोवर ते टर्मिनल अडकून राहते, दुसरी आज्ञा घेत नाही. त्यासाठी आज्ञेच्या शेवटी & हे चिन्ह द्यावे, म्हणजे आज्ञावली मागे चालत राहते आणि टर्मिनल मोकळे होते. तरीही टर्मिनलची खिडकीच मिटली तर तिच्यातून सुरू केलेली आज्ञावलीही बहुधा तिच्याबरोबर मिटते. कारण खिडकी मिटताना 'हँग-अप' नावाचा एक संदेश तिच्या पोराबाळांकडे जातो. हे नाव टेलिफोनवरून आले आहे. एके काळी टर्मिनल हे दूरच्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने जोडलेले वेगळे यंत्र असे, आणि फोन खाली ठेवला की माणूस निघून गेला असे समजून संगणक त्याची कामे आवरत असे. फोनची तार गेली, नाव राहिले.

'पोराबाळांकडे' हा शब्द मी थट्टेने वापरलेला नाही. चालू आज्ञावलीला प्रक्रिया म्हणतात. प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक मिळतो आणि प्रत्येक प्रक्रियेला एक पालक असतो, म्हणजे जिने तिला जन्म दिला ती प्रक्रिया. 'पीएस' ही आज्ञा देऊन तुम्ही ही वंशावळ पाहू शकता. शोध घेत वर वर गेलात तर शेवटी १ क्रमांकाच्या प्रक्रियेपाशी पोहोचाल; संगणक सुरू होताना ती पहिल्याने उठते. मधला एखादा पालक मरण पावला तर त्याच्या अनाथ लेकरांना बहुधा ही मूळ प्रक्रियाच दत्तक घेते.

आता बंद करण्याकडे वळू. खरी गंमत इथे आहे.

कोकण रेल्वेने रत्नागिरीला येताना साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा लागतो. गाडीला पुढे लाल सिग्नल दिसला तर गाडी थांबते. कोण थांबवते? सिग्नल थांबवत नाही. दिव्यात गाडी अडवण्याचे बळ नसते. चालक दिवा पाहतो, त्याचा अर्थ जाणतो आणि ब्रेक लावतो. संगणकातही चालू प्रक्रियेला पाठवायच्या संदेशाला 'सिग्नल' असेच नाव आहे, आणि बहुतेक सिग्नल या लाल दिव्यासारखेच असतात. लिनक्समध्ये ते पाठवण्याची आज्ञा 'किल' अशी आहे. नाव भयंकर आहे, पण ते फसवे आहे. नुसते 'किल' आणि त्यापुढे प्रक्रियेचा क्रमांक दिला तर १५ क्रमांकाचा सिग्नल जातो, आणि त्याचा अर्थ फक्त 'आता आवरते घ्या' असा असतो. चांगली लिहिलेली आज्ञावली हा निरोप मिळताच हातातले काम जपून ठेवते, उघडलेल्या फायली मिटते आणि स्वतः होऊन निघून जाते. नीट न लिहिलेली आज्ञावली काही न आवरता निघून जाते. तो तिच्या लेखकाचा दोष. आणि अडकून पडलेली आज्ञावली कधी कधी ऐकतच नाही.

अशा वेळी ९ क्रमांकाचा सिग्नल आहे. 'किल', मग जागा सोडून उणे चिन्हासह ९, मग पुन्हा जागा सोडून क्रमांक, अशी ती आज्ञा. याला सिग्नल म्हणायचे ते केवळ रीत म्हणून, कारण हा दिवा चालकाला दाखवलाच जात नाही. कार्यकारी प्रणालीचा गाभा त्या प्रक्रियेला न विचारता तिला स्मृतीतून काढून टाकतो. गाडी, चालक, डबे, सारे नकाशावरून एका फटक्यात पुसले जाते. काम जपून ठेवण्याला क्षणभरही मिळत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी १५ पाठवतो, थोडी वाट पाहतो आणि मगच ९ कडे वळतो.

फुलीचे कोडेही इथे सुटते. फुलीवर टिचकी मारणे म्हणजे आज्ञावलीला 'मिटता का?' असा निरोप पाठवणे. आज्ञावली एखाद्या कामात गुरफटून आलेले निरोप वाचायचीच थांबली असेल, तर दहावी टिचकीही पहिल्या नऊ टिचक्यांच्या मागे रांगेत जाऊन उभी राहते. टिचक्यांचा जोर वाढवून रांग पुढे सरकत नाही.

हे सारे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून घेऊ नका. लिनक्सच्या बहुतेक संगणकांत 'नॅनो' नावाचा एक साधा लेखनिक असतो. एका टर्मिनलमध्ये 'नॅनो' आणि त्यापुढे 'वही' असे फाईलचे नाव द्या. चार ओळी लिहा, पण जतन करू नका. दुसरे टर्मिनल उघडा आणि 'पीग्रेप नॅनो' अशी आज्ञा द्या. उत्तरादाखल एक आकडा येईल. तो नॅनोच्या प्रक्रियेचा क्रमांक. आता 'किल' आणि तो आकडा. पहिल्या टर्मिनलमधला नॅनो निघून जाईल, पण जाताना तुमच्या चार ओळी एका नव्या फाईलमध्ये ठेवून जाईल. 'एलएस' ही आज्ञा देऊन पाहा : 'वही' या नावाला 'डॉट सेव्ह' अशी शेपटी जोडलेली फाईल तुम्हांला दिसेल. हाच प्रयोग वेगळ्या नावाची फाईल घेऊन पुन्हा करा, पण या खेपेला ९ चा सिग्नल पाठवा. शेपटीची फाईल शोधत बसाल, ती मिळणार नाही. कधी कधी पडद्यावर नॅनोचे अर्धवट चित्रही तसेच लटकत राहते, कारण ते पुसायलादेखील त्याला उसंत मिळालेली नसते.

विंडोजवर हीच जोडी 'टास्ककिल' या आज्ञेत आहे. विंडोज १० वरील नोटपॅडमध्ये काही मजकूर लिहून, तो जतन न करता, कमांड प्रॉम्प्टमधून टास्ककिल चालवले तर नोटपॅड 'जतन करू का?' असे विचारतो. त्याच आज्ञेला सक्तीची खूण, म्हणजे तिरपी रेघ आणि एफ, जोडली तर तो न विचारता नाहीसा होतो. (विंडोज ११ मधला नवा नोटपॅड न विचारताच मजकूर सांभाळून ठेवतो, तेव्हा हा प्रयोग जुन्यावरच करावा.)

आणखी एक सिग्नल मुलांना फार आवडतो. 'स्टॅच्यू' हा खेळ तुम्ही खेळला असालच. एकाने 'स्टॅच्यू' म्हटले की दुसऱ्याने जागच्या जागी गोठायचे. 'किल', उणे चिन्ह आणि त्याला जोडून 'स्टॉप' असे लिहून क्रमांक दिला की चालू आज्ञावली अशीच गोठते. खिडकी दिसते, पण टिचकीला दाद देत नाही. 'स्टॉप'च्या जागी 'कॉन्ट' लिहिले की ती सोडल्या जागेवरून पुढे चालू लागते, जणू मध्ये काही घडलेच नाही. थांबणे आणि संपणे हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे फुलीवरून कधीच कळले नसते.

कोकणात भुतांना तोटा नाही. संगणकातही एक भूत आहे. मेलेल्या पण यादीत नाव राहिलेल्या प्रक्रियेला 'झॉम्बी' म्हणतात. प्रक्रिया संपली की तिची स्मृती मोकळी होते, पण ती कशी संपली याची नोंद पालकाने पाहीपर्यंत तिचा क्रमांक यादीत राहतो. पालक निष्काळजी असेल तर नोंद तशीच पडून राहते. आपल्याकडे आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव असते, कारण कोणी तलाठ्याकडे जाऊन वारसनोंद केलेली नसते. तसेच हे. अशा प्रक्रियेवर ९ च काय, कोणताही सिग्नल चालत नाही. मेलेल्याला मारणार कसे? पालकाला बंद करावे, म्हणजे ते नाव मूळ प्रक्रियेकडे जाते आणि ती लगेच फेरफार करून मोकळी होते.

ही पद्धत काही नवी नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची सुरुवात केली, तेव्हा पडदेसुद्धा सर्रास नव्हते. टंकयंत्रासारख्या टेलिटाइपवर आज्ञा द्यायची आणि उत्तर कागदावर छापून यायचे. १९८४ साली मॅकिन्टॉश बाजारात आला आणि माऊस घरोघर जाण्याचा रस्ता मोकळा झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला, आणि युनिक्समधले ९ आणि १५ हे आकडे त्यातही जसेच्या तसे आले. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे. तेथेही आज्ञावलींना निरोप असेच दिले जातात.

आता आक्षेपांकडे येतो. शिक्षकमित्र म्हणतात, ही जुनाट पद्धत आहे, माऊस असताना आज्ञा पाठ कशाला करायच्या? त्यांना मी विचारतो, गणनयंत्र असताना आपण पाढे का म्हणवून घेतो? पण दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो : मराठी माध्यमाच्या मुलांना हे इंग्रजी जमणार नाही. आज्ञा दोन-चार अक्षरांच्या असतात, त्या जमतात. 'एलएस', 'पीएस', 'किल' यांत अवघड असे काही नाही. तक्रारींची इंग्रजी वाक्ये मात्र खरोखर अडतात. त्याला उपाय म्हणजे नेहमी भेटणाऱ्या दहा-बारा वाक्यांचा मराठी तक्ता करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावणे. भूमितीची प्रमेये लावतो तसा. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. शिक्षकांनी सुट्टीत ते आधी स्वतः करून पाहावेत.

तिसरी भीती मुले काही मोडतील ही. लिनक्सवर साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून दुसऱ्याची प्रक्रिया बंद करता येत नाही. 'परवानगी नाही' असे उत्तर येते. ही शिकवण तर मला फुकटात मिळालेली वाटते. फायली पुसण्याच्या आज्ञांविषयी मात्र सावध राहावे, आणि त्या पहिल्या वर्षी शिकवूच नयेत.

हे आताच का सांगायचे, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली, आणि शाळांतील पुष्कळशा जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. ही यंत्रे भंगारात जाणार, की हलके लिनक्स घालून आणखी काही वर्षे चालणार, हे मुख्याध्यापकांना ठरवावे लागेल. सी-डॅकने २००७ पासून 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली दिलेली आहे आणि तिच्यात मराठीचीही सोय आहे. रत्नागिरीहून याच रेल्वेमार्गाने खाली गेले की पुढे केरळ लागते. तेथील सरकारी व अनुदानित शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. तिथल्या मुलांना जे जमते ते लांजा-राजापूरच्या मुलांना जमणार नाही, असे मी तरी मानायला तयार नाही.

शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी किती दिवस अंधारात काढले, ते विसरलेले नाही. वीज जाते तेव्हा संगणकाला कोणताच सिग्नल मिळत नाही, ९ सुद्धा नाही. आपण 'जतन कर' म्हटलेला मजकूरही काही सेकंद स्मृतीतच थांबलेला असतो, डिस्कवर नंतर उतरतो; मधल्या काळात वीज गेली तर तो गेला. उलट संगणक रीतसर बंद केला तर लिनक्स काय करतो पाहा : चालू असलेल्या प्रक्रियांना १५ चा निरोप देतो, वाट पाहतो (पुष्कळ ठिकाणी ही मुदत ९० सेकंदांची असते), उरलेल्यांना ९ देतो, स्मृतीत थांबलेले सारे डिस्कवर उतरवतो आणि मग वीज तोडतो. बंद होताना पडदा मिनिटभर रेंगाळतो आणि तुम्ही वैतागून बटणाकडे हात नेता, तेव्हा बहुधा हीच वाट पाहणे चालू असते.

माझी सूचना फार मोठी नाही. आठवी-नववीच्या संगणकाच्या तासांपैकी वर्षात सहा तास या कामाला द्यावेत. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा : परीक्षकाने एक आज्ञावली 'स्टॅच्यू' करून ठेवायची. विद्यार्थ्याने माऊसला स्पर्श न करता तिचा क्रमांक शोधायचा, ती गोठली आहे की अडकली आहे हे ओळखायचे, गोठली असेल तर पुन्हा चालू करायची आणि मग १५ च्या निरोपाने बंद करायची. गुण दहा. ९ चा सिग्नल आधी वापरणाऱ्याचे चार गुण कापावेत, आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेणाऱ्याला पुढच्या तासाला पुन्हा बसवावे.